गणित स्वस्त, वाहतूक महाग: एआयच्या काळात संगणकाची रचना कोणत्या दिशेने जाईल?

गणकरेषा (धागाकर्ता):

एआयसाठीच्या हार्डवेअरवर बोलताना बहुतेक वेळा चिपवर किती अब्ज ट्रान्झिस्टर आहेत आणि ती सेकंदाला किती क्रिया करते, एवढेच विचारले जाते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत संगणकाची रचना कशी बदलेल हे समजून घ्यायचे असेल, तर त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा, असे माझे ठाम मत आहे: ज्या आकड्यांवर क्रिया करायची ते कुठे ठेवले आहेत, आणि तिथून गणित करणाऱ्या भागापर्यंत आणायला किती वेळ व किती वीज लागते? या धाग्यात मी माझी बाजू सविस्तर मांडतो. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी ती तपासून पाहावी आणि जिथे पटणार नाही तिथे मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

आज आपण वापरतो तो जवळजवळ प्रत्येक संगणक जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली एडव्हॅक यंत्राच्या अहवालात मांडलेल्या आराखड्यावर उभा आहे. त्यात गणित करणारा विभाग एकीकडे असतो, मेमरी दुसरीकडे असते, आणि आज्ञा व आकडे दोन्ही त्याच मेमरीत राहतात. या मांडणीमुळे एकच यंत्र आज पगाराचा हिशेब आणि उद्या हवामानाचा अंदाज करू शकते, हे तिचे फार मोठे श्रेय आहे. मात्र दोन्ही विभागांना जोडणारी वाट एकच असल्याने सगळी वर्दळ तिच्यावरूनच होते. फोर्ट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक जॉन बॅकस यांनी १९७७ साली ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात या अडचणीवर बोट ठेवले आणि तिला ‘फॉन नॉयमन बॉटलनेक’ हे नाव दिले.

ही अडचण किती मोठी आहे ते विजेच्या हिशेबात सर्वांत स्पष्ट दिसते. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञानासाठी दिलेले आकडे आजही आधाराला घेतले जातात. त्यांनुसार ३२-बिट फ्लोटिंग पॉइंट (दशांशचिन्ह असलेल्या आकड्यांच्या) गुणाकाराला ३.७ पिकोज्यूल (ज्यूलचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोज्यूल) लागतात, तर ८-बिट पूर्णांकांच्या गुणाकाराला केवळ ०.२. चिपवरच्याच ८ किलोबाइटच्या छोट्या कॅशमधून (जवळच्या वेगवान मेमरीतून) ६४ बिट वाचायला १० पिकोज्यूल, १ मेगाबाइटच्या कॅशमधून वाचायला १००, आणि चिपबाहेरच्या डीरॅममधून, म्हणजे संगणकाच्या मुख्य मेमरीतून, वाचायला १३०० ते २६०० पिकोज्यूल खर्च होतात. म्हणजे बाहेरून एक आकडा आणायला जेवढी वीज लागते तेवढ्यात शेकडो गुणाकार होऊन जातात. शिवाय साधा प्रोसेसर एखादी बेरीज करतो तेव्हा ती आज्ञा आणणे, तिचा अर्थ लावणे आणि सगळ्यावर नियंत्रण ठेवणे यांतच सुमारे ७० पिकोज्यूल जातात. प्रत्यक्ष बेरजेचा वाटा त्यात नगण्य असतो.

मग इतकी वर्षे हे निभावले कसे? १९७४ साली आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले, तर दर चौरस मिलिमीटरमागे लागणारी वीज वाढत नाही. त्यामुळे तीस वर्षे दर पिढीला अधिक ट्रान्झिस्टर, अधिक वेग आणि तीच उष्णता असे समीकरण चालत राहिले. २००५ च्या सुमारास ट्रान्झिस्टरमधून होणारी विजेची गळती वाढल्यामुळे व्होल्टेज आणखी उतरवणे अशक्य झाले आणि हे समीकरण मोडले. ट्रान्झिस्टर वाढतच राहिले, पण ते सगळे एकाच वेळी पूर्ण वेगाने चालवले तर चिप तापून निकामी होईल, अशी स्थिती आली. जॉन हेनेसी आणि डेव्हिड पॅटर्सन यांनी २०१८ च्या त्यांच्या ट्यूरिंग व्याख्यानात विशिष्ट कामासाठी विशिष्ट रचना हाच पुढचा मार्ग असल्याचे सांगितले, त्यामागचे कारण हेच आहे.

या मार्गाचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण म्हणजे गूगलने एआयच्या गणितासाठी खास बनवलेली चिप, पहिली टीपीयू. ती २०१५ साली डेटासेंटरमध्ये कामाला लागली आणि २०१७ साली तिचा तपशील प्रसिद्ध झाला. तिच्या मध्यभागी २५६ ओळी आणि २५६ स्तंभ अशी ६५,५३६ घरांची जाळी आहे. प्रत्येक घर ८-बिट आकड्यांचा एक गुणाकार करते आणि एक बेरीज करते, दुसरे काही करत नाही. मॉडेलचे वजनांक, म्हणजे शिकताना ठरलेले आकडे (पॅरामीटर), आधीच घराघरांत भरून ठेवलेले असतात. मग आकडे डावीकडून आत शिरतात, घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक घर उजवीकडे सरकतात, आणि तयार होणारी अर्धवट बेरीज वरून खाली उतरत जाते. जाळीत शिरलेला आकडा एकदाच वाचला जातो आणि पलीकडच्या टोकाला पोहोचेपर्यंत २५६ वेळा वापरला जातो. मधल्या काळात त्याला ना कॅशमध्ये परत जावे लागते, ना त्याच्यासाठी नवी आज्ञा आणावी लागते. ही चिप २८ नॅनोमीटरची होती आणि तिच्याशी तुलना केलेला इंटेलचा हॅसवेल प्रोसेसर २२ नॅनोमीटरचा, म्हणजे अधिक प्रगत तंत्रज्ञानाचा होता. तरीही दर वॅटमागे तिची क्षमता त्या काळच्या प्रोसेसर आणि जीपीयू (मुळात चित्रांसाठी बनलेल्या चिप) यांच्या ३० ते ८० पट निघाली. ही सगळी कमाई मांडणीची आहे.

त्याच शोधनिबंधातली दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. ज्या सहा प्रकारच्या कामांवर चिप तपासली गेली, त्यांपैकी चार कामांत ती जाळी मेमरीची वाट पाहत थांबत होती, कारण बाहेरच्या मेमरीचा वेग सेकंदाला केवळ ३४ गिगाबाइट होता.

आज मोठ्या भाषिक मॉडेलांच्या बाबतीत हीच अडचण कितीतरी पटींनी वाढली आहे. ७० अब्ज पॅरामीटरचे एक मॉडेल घ्या आणि प्रत्येक पॅरामीटर ८ बिटांत साठवला आहे असे धरा. म्हणजे मॉडेलचा आकार ७० गिगाबाइट झाला. उत्तरातला प्रत्येक नवा शब्दांश, म्हणजे टोकन, तयार करताना हे सगळे पॅरामीटर एकदा वाचावे लागतात. एनव्हिडियाच्या २०२२ च्या एच-१०० चिपच्या मेमरीचा वेग सेकंदाला सुमारे ३,३५० गिगाबाइट आहे, म्हणून नुसत्या वाचनालाच जवळपास २१ मिलिसेकंद लागतात. गणित किती करायचे? दर पॅरामीटरमागे एक गुणाकार आणि एक बेरीज, म्हणजे १४० अब्ज क्रिया. ही चिप ८-बिटमध्ये सेकंदाला साधारण १,९८० लाख कोटी क्रिया करू शकते, त्यामुळे गणिताला पुरतात केवळ ०.०७ मिलिसेकंद. याचा अर्थ एकाच व्यक्तीला उत्तर देताना गणित करणारा भाग ९९ टक्क्यांहून अधिक वेळ रिकामा बसतो. धान्याचे कोठार एका गावात आणि गिरणी दुसऱ्या गावात असेल, तर जात्याचा वेग वाढवून पीठ लवकर मिळत नाही.

अनेकांच्या विनंत्या एकत्र करून एकदा वाचलेले वजनांक सर्वांसाठी वापरणे हा यावरचा उपाय आहे आणि सगळे सेवादाते तो करतात. पण प्रत्येकाच्या संभाषणाची स्मृती, जिला केव्ही कॅश म्हणतात, वेगळी असते. संभाषण जितके लांबते तितकी ती फुगते आणि तिचे वाचन वाटून घेता येत नाही. त्यामुळे लांब संभाषणांत अडचण पुन्हा मेमरीपाशीच येऊन थांबते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की यापुढे संगणकाच्या रचनेचे मुख्य काम आकड्यांचा प्रवास कमी करणे हेच राहील. चिप कशी कापायची, कशी रचायची, किती बिटांत आकडा लिहायचा, कोणती भाषा आणि कोणता कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर) वापरायचा, हे सगळे निर्णय याच एका गरजेतून निघतील. आपले मत काय?

जिज्ञासा:

लेख अतिशय स्पष्ट झाला आहे, धन्यवाद. माझा विषय हा नाही, त्यामुळे एक प्राथमिक शंका विचारते. मेमरी लांब असणे हीच अडचण असेल, तर सगळी मेमरी त्याच चिपवर का बनवत नाहीत? ट्रान्झिस्टर तर भरपूर उपलब्ध आहेत असे आपणच लिहिले आहे.

अर्धवाहक:

जिज्ञासाताई, शंका प्राथमिक वाटली तरी सध्याच्या सगळ्या प्रयोगांच्या मुळाशी तीच आहे. मी चिप डिझाइनमध्ये काम करतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

चिपवर बनते ती मेमरी म्हणजे एसरॅम. तिच्यात एक बिट ठेवायला सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात. डीरॅममध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर एवढ्यावर भागते, पण तो खोल कपॅसिटर बनवण्याची प्रक्रिया वेगळी असल्याने वेगवान प्रोसेसर आणि दाट डीरॅम एकाच कारखान्यातून एकाच पट्टीवर काढणे परवडत नाही. त्यातच एसरॅमचे आकुंचन जवळपास थांबले आहे. चिप बनवणाऱ्या टीएसएमसी या तैवानी कंपनीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेत एसरॅमच्या एका घराचे क्षेत्रफळ ०.०२१ चौरस मायक्रोमीटर होते आणि त्यापुढच्या एन-३-ई (३ नॅनोमीटर) प्रक्रियेतही ते तेवढेच राहिले. गणिताचे ट्रान्झिस्टर लहान होत गेले, मेमरीचे झाले नाहीत. म्हणजे पिढी बदलली तरी चिपवर अधिक मेमरी बसेल, ही जुनी खात्री आता उरलेली नाही.

तरीही दोन कंपन्यांनी तुम्ही म्हणता तोच मार्ग धरला. सेरेब्रसने सिलिकॉनची अख्खी चकती न कापता तिचीच एक चिप केली. २०२४ च्या त्यांच्या तिसऱ्या आवृत्तीचे क्षेत्रफळ ४६,२२५ चौरस मिलिमीटर आहे, तर नेहमीच्या यंत्रणेत एका चिपला मिळणारी कमाल जागा ८५८ चौरस मिलिमीटरची असते. एवढ्या प्रचंड चकतीवर एसरॅम बसली ती ४४ गिगाबाइट. वर धरलेले ७० गिगाबाइटचे मॉडेल तिच्यातही मावत नाही. ग्रॉकच्या एका चिपवर २३० मेगाबाइट एसरॅम आहे, त्यामुळे त्याच मॉडेलला निदान ३०० चिप जोडाव्या लागतील. वेग उत्तम मिळतो यात शंका नाही, पण खर्चाचे गणित वेगळे होते.

म्हणून बाकीच्यांनी मधला मार्ग काढला. डीरॅमचे पातळ थर एकावर एक रचायचे, त्यांच्या आरपार उभ्या तारा काढायच्या आणि हा मनोरा प्रोसेसरच्या शेजारी एकाच सिलिकॉन पाटावर बसवायचा. यालाच एचबीएम म्हणतात. साध्या डीडीआर मेमरीची पट्टी ६४ तारांवर आकडे पाठवते. एचबीएमचा एक मनोरा १०२४ तारांवर पाठवतो आणि २०२५ साली ठरलेल्या एचबीएम-४ मानकात ही संख्या २०४८ झाली आहे. अंतर काही मिलिमीटरवर आल्यामुळे वीजही वाचते. धागाकर्त्यांनी दिलेले होरोविट्झ यांचे आकडे सुट्या डीरॅमचे आहेत. एचबीएममध्ये हा खर्च दर बिटामागे साधारण चार पिकोज्यूलपर्यंत उतरतो. त्यामुळे ६४ बिटांना २५० च्या आसपास पिकोज्यूल लागतात. दरी बरीच कमी होते, पण बुजत नाही.

आता पुढचा विचार असा की शेजारी कशाला, मेमरी थेट प्रोसेसरच्या डोक्यावरच बसवावी. इथे उष्णता आडवी येते. डीरॅमच्या कपॅसिटरमधला विद्युतभार सतत झिरपत असतो, म्हणून प्रत्येक ओळ साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांनी वाचून पुन्हा लिहावी लागते. तापमान ८५ अंशांच्या वर गेले की हेच काम दर ३२ मिलिसेकंदांनी करावे लागते, आणि हे काम चालू असेपर्यंत ती ओळ इतर कामाला उपलब्ध नसते. एच-१०० चिप ७०० वॅटपर्यंत वीज घेते. तिच्या माथ्यावर मेमरी ठेवली, तर प्रवास वाचेल पण मेमरी स्वतःलाच सावरण्यात गुंतून पडेल. पुढच्या दशकात रचनाकारांची खरी कसोटी गणिताच्या घरांत लागणार नाही, ती या थरांतून उष्णता बाहेर कशी काढायची इथे लागेल, असे मला वाटते.

सांगलीकर:

चर्चा वाचून आनंद झाला, पण मी थोडी विरुद्ध बाजू मांडू इच्छितो. विशिष्ट कामासाठी विशिष्ट यंत्र ही कल्पना आपण आज प्रथम पाहत नाही. १९८० च्या दशकात एआयचे संशोधन लिस्प भाषेत चालत असे आणि त्यासाठी सिम्बॉलिक्ससारख्या कंपन्यांनी खास लिस्प यंत्रे बनवली. काही वर्षांतच साध्या वर्कस्टेशनवर लिस्प तितक्याच वेगाने चालू लागली आणि तो धंदा बसला. जपाननेही १९८२ साली पाचव्या पिढीच्या संगणकाचा मोठा प्रकल्प याच आशेने हाती घेतला होता. त्यातून संशोधन भरपूर झाले, पण तशी यंत्रे बाजारात रुजली नाहीत.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. सिलिकॉनमध्ये कोरलेली रचना बदलत नाही, गणिताच्या पद्धती मात्र बदलत राहतात. टीपीयूच्या ज्या शोधनिबंधाचा उल्लेख वर आला आहे, त्यातच लिहिले आहे की २०१६ साली गूगलच्या डेटासेंटरमधील या कामांपैकी ६१ टक्के साधी बहुस्तरीय न्यूरल जाळी होती, २९ टक्के एलएसटीएम (क्रमाने येणारा मजकूर हाताळणारी जुनी पद्धत) होती आणि ५ टक्के कॉन्व्होल्यूशनची (चित्रांसाठीची पद्धत) होती. ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आजच्या भाषिक मॉडेलांची रचना, २०१७ साली आला आणि काही वर्षांत एलएसटीएमची जागा त्याने घेतली. चिपचा आराखडा ठरल्यापासून ती हातात येईपर्यंत सहसा दोन-तीन वर्षे जातात. आज ट्रान्सफॉर्मरला चपखल बसणारी चिप कोरली आणि ती येईपर्यंत पद्धतच बदलली, तर काय करायचे?

याहून मोठा धोका उलट्या दिशेचा आहे. सारा हूकर यांनी २०२० साली ‘हार्डवेअर लॉटरी’ या नावाने तो मांडला: उपलब्ध यंत्रावर जी कल्पना वेगाने चालते तीच संशोधनात टिकते, आणि कदाचित अधिक चांगली पण यंत्राला न मानवणारी कल्पना मागे पडते. १९८० च्या दशकातच बॅकप्रॉपगेशन (जाळ्यांना चुकांवरून शिकवण्याची पद्धत) माहीत असूनही न्यूरल जाळ्यांना २०१२ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी अलेक्सनेट हे चित्रे ओळखणारे जाळे दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर पाच-सहा दिवसांत शिकवता आले, आणि ती कार्डे मुळात खेळांच्या चित्रांसाठी बनवलेली होती. आपण सगळेच मॅट्रिक्स गुणाकाराच्या जाळ्या कोरत सुटलो, तर पुढची अशी कल्पना कुठे वाढणार?

गणकरेषा:

सांगलीकर, आपला प्रतिसाद या धाग्याला आवश्यक होता. दोन्ही मुद्द्यांना वेगवेगळे उत्तर देतो.

लिस्प यंत्रे हरली कारण तेव्हा साधे प्रोसेसर दर दीड-दोन वर्षांनी आपोआप वेगवान होत होते. खास यंत्र बनवण्यात तीन वर्षे घालवली की तोपर्यंत साधे यंत्र पुढे गेलेले असे. डेनार्डचे समीकरण मोडल्यावर ती शर्यतच संपली. आज थांबून राहिल्याने सर्वसाधारण प्रोसेसर पुरेसा वेगवान होईल, अशी आशा कोणी धरत नाही.

लवचिकतेचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि गूगलनेही तो मान्य केला असे दिसते. पहिली टीपीयू केवळ शिकून तयार झालेले मॉडेल चालवत असे, आकडे ८-बिट पूर्णांकच असत. २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रशिक्षणासाठी फ्लोटिंग पॉइंटचा बीफ्लोट-१६ प्रकार आला, एचबीएम आली आणि जाळीच्या जोडीला अधिक सर्वसाधारण गणित करणारा विभागही आला. एनव्हिडियाने २०१७ साली उलट्या बाजूने येऊन सर्वसाधारण जीपीयूमध्ये मॅट्रिक्ससाठी टेन्सर कोअर घातले. दोघेही एकाच मध्यबिंदूकडे सरकत आहेत: मॅट्रिक्सचे काम कोरलेले, बाकीचे प्रोग्रॅम करता येण्याजोगे. ट्रान्सफॉर्मरमधल्या सेल्फ-अटेन्शनचे (टोकनांचे परस्परसंबंध मोजण्याचे) सूत्रच सिलिकॉनमध्ये गोठवणाऱ्या चिपवर मी विश्वास ठेवणार नाही. अंतर कमी करणारी चिप मात्र पद्धत बदलली तरी उपयोगी राहते, कारण कोणत्याही पद्धतीला आकडे आणावेच लागतात.

आणि यंत्राचा स्वभाव ओळखून पद्धत बदलणे नेहमीच हानिकारक असते, असेही नाही. २०२२ साली आलेले फ्लॅशअटेन्शन पाहा. अटेन्शनमध्ये प्रत्येक टोकनचा प्रत्येक टोकनशी संबंध मोजणारा प्रचंड तक्ता तयार होतो. पूर्वी तो एचबीएममध्ये लिहिला जाई, मग पुन्हा वाचला जाई. या पद्धतीत त्याचे लहान तुकडे चिपवरच्या एसरॅममध्येच तयार करून तिथेच वापरून टाकले जातात. प्रशिक्षणात मागे येताना जो भाग हवा असेल तो साठवून न ठेवता पुन्हा मोजला जातो. एकूण क्रिया वाढतात, तरी काम आधीपेक्षा लवकर होते आणि उत्तर तेच येते. मेमरीतून वाचण्यापेक्षा पुन्हा मोजणे स्वस्त पडते, याहून नेमका पुरावा माझ्या मताला मिळणार नाही. डीपसीकने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्ही-३ मॉडेलमध्येही ६७१ अब्ज पॅरामीटर असून एका टोकनसाठी ३७ अब्जच वापरले जातात, केव्ही कॅश दाबून लहान केली जाते आणि बरेचसे प्रशिक्षण ८-बिट आकड्यांत झाले आहे. चिपांमधील जोडणीचा वेग मर्यादित असलेल्या एच-८०० चिपांवर त्यांनी ते शिकवले, हे लक्षात घेतले की प्रत्येक निर्णयामागचे कारण कळते.

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी:

सर्वांनी आकडे आणण्याबद्दल लिहिले आहे. पण आकडे आणायचेच नाहीत, जिथे आहेत तिथेच गणित करायचे, हा मार्ग कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो.

मेमरिस्टरसारख्या घटकाची विद्युतवाहकता हवी तशी ठरवता येते आणि वीज गेली तरी ती टिकते. अशा घटकांची जाळी करून वाहकतेत वजनांक साठवायचा आणि आडव्या तारांवर व्होल्टेजच्या रूपाने आकडा द्यायचा. ओहमच्या नियमानुसार प्रत्येक घटकातून जाणारा प्रवाह म्हणजे आपोआप झालेला गुणाकार, आणि किर्चहॉफच्या नियमानुसार उभ्या तारेत एकत्र होणारा प्रवाह म्हणजे बेरीज. संपूर्ण मॅट्रिक्सचे काम एका झटक्यात होते आणि वजनांक जागचा हलत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत श्रीतोष गोस्वामी यांच्या गटाने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये असा एक रेणवीय घटक प्रसिद्ध केला, ज्यात वाहकतेच्या १६,५०० वेगवेगळ्या पायऱ्या मिळतात. एका घटकात दोनच अवस्था ठेवण्याच्या सवयीपुढे ही फार मोठी झेप आहे, आणि ती आपल्या देशात झाली याचा मला अभिमान वाटतो.

अर्धवाहक:

या कामाबद्दल मलाही तितकाच आदर आहे. प्रत्यक्ष उत्पादनात मात्र दोन अडचणी वारंवार समोर येतात. उभ्या तारेतून आलेला प्रवाह पुढच्या टप्प्याला देण्यापूर्वी त्याचे अंकांत रूपांतर करावे लागते, आणि हे रूपांतर करणारी मंडले चिपची जागा आणि वीज यांचा मोठा वाटा खाऊन टाकतात. दुसरी अडचण ट्रान्सफॉर्मरची आहे. वजनांक स्थिर असतात, ते एकदा लिहून ठेवता येतील. पण अटेन्शनमधल्या दोन्ही मॅट्रिक्स संभाषणाबरोबर दर टोकनला वाढतात. ज्या घटकांवर लिहिणे सावकाश होते आणि लिहिण्याच्या फेऱ्यांना मर्यादा आहे, त्यांच्यावर हे काम टाकता येत नाही.

आयबीएममधील धर्मेंद्र मोधा यांच्या गटाची वाटचाल इथे उद्बोधक आहे. २०१४ साली त्यांनी ट्रूनॉर्थ ही मेंदूसारखी स्पंदांवर (विजेच्या छोट्या ठोक्यांवर) चालणारी चिप केली, दहा लाख न्यूरॉनची, सुमारे ७० मिलिवॅटवर चालणारी. २०२३ साली त्यांनीच नॉर्थपोल ही चिप प्रसिद्ध केली, तेव्हा स्पंद सोडून दिले होते आणि नेहमीचे अंकीय गणित घेतले होते. ठेवले ते एवढेच की २५६ कोअरपैकी प्रत्येकाची मेमरी त्याच्या अंगालाच आहे, चिपबाहेर मेमरी नाहीच. १२ नॅनोमीटरच्या या चिपने चित्रे ओळखण्याच्या रेसनेट-५० या चाचणीत त्याच पिढीच्या जीपीयूपेक्षा दर वॅटमागे २५ पट काम केले. मेंदूपासून घ्यायची गोष्ट स्पंद नसून जवळीक आहे, असा मी त्याचा अर्थ लावतो. तिच्यावरची एकूण मेमरी २२४ मेगाबाइट आहे, त्यामुळे मोठ्या मॉडेलांपुढे तिचीही मर्यादा तीच, जी मी वर सांगितली.

मुळामुठा:

पुण्यातल्या वाचकांना या विषयाचा एक जुना धागा आठवावा. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने १९९१ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार केला, तो ट्रान्सप्युटर या ब्रिटिश चिपांवर. त्यातल्या टी-८०० चिपवर ४ किलोबाइट मेमरी आणि शेजारच्या चिपांशी बोलण्यासाठी चार जोडण्या होत्या. प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची मेमरी, आणि दुसऱ्याकडचे हवे असेल तर निरोप पाठवून मागायचे, ही शिस्त तेव्हाच्या प्रोग्रॅमरांना जड जाई. आज सेरेब्रस, ग्रॉक आणि टीपीयूचे हजारो चिपांचे समूह नेमक्या त्याच शिस्तीने चालतात, फरक एवढाच की निरोप कधी आणि कुठून जाईल हे कंपायलर आधीच ठरवतो. म्हणून हार्डवेअरच्या चर्चेत कंपायलर लिहिणाऱ्यांचे नाव आधी यायला हवे, असे मला वाटते. एनव्हिडियाची पकड चिपवर आहे त्याहून अधिक २००७ पासून रुजलेल्या कुडावर, म्हणजे तिच्या चिपांसाठी प्रोग्रॅम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे.

धागाकर्त्यांच्या लेखातली एक गोष्ट मला आपल्यासाठी फार महत्त्वाची वाटते. पहिली टीपीयू २८ नॅनोमीटरची होती. गुजरातेत धोलेरा येथे टाटा आणि तैवानची पीएसएमसी उभारत असलेल्या कारखान्यात २८ नॅनोमीटरचे तंत्रज्ञान येणार आहे. आजवर देशात मोहालीच्या एससीएल या सरकारी चिप कारखान्यात १८० नॅनोमीटरपर्यंतच मजल गेली होती. आयआयटी मुंबईत घडलेला अजित हा प्रोसेसरही तिथेच बनला. दोन-तीन नॅनोमीटरच्या शर्यतीत आपण नाही हे खरे आहे. पण मांडणीच्या जोरावर जुन्या तंत्रज्ञानातून किती काढता येते, हे याच धाग्यात आकड्यांनिशी आले आहे. मराठीतले उच्चार ओळखणारे किंवा पिकावरची कीड फोटोवरून ओळखणारे छोटे मॉडेल चालवायला अशी चिप पुरेशी ठरेल, आणि आरआयएससी-व्ही हा आज्ञासंच खुला असल्याने नियंत्रण करणाऱ्या प्रोसेसरसाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकरचनेचा विषय अजूनही बहुतेक ठिकाणी ८०८५ पासून सुरू होऊन पाइपलाइनपाशी संपतो. त्यात एक जाळी स्वतः व्हेरिलॉग या हार्डवेअर मांडण्याच्या भाषेत लिहून एफपीजीएवर (हवी तशी जोडता येणाऱ्या चिपवर) चालवण्याचे प्रात्यक्षिक घालावे, ही माझी मनापासूनची सूचना आहे.

जिज्ञासा:

सर्वांचे प्रतिसाद सावकाश दोनदा वाचले. आता व्यवहारातला प्रश्न: या सगळ्यात आपल्या घरच्या लॅपटॉपमधल्या सीपीयूचे काय होणार?

गणकरेषा:

सीपीयू राहणार आहे. ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, ब्राउझर ही कामे जागोजागी निर्णय घेत पुढे सरकणारी आहेत आणि ती त्यालाच जमतात. बदलेल ती त्याची शेजारची वस्ती. ॲपलने २०२० च्या एम-१ पासून सीपीयू, जीपीयू आणि न्यूरल विभाग यांना एकच सामायिक मेमरी दिली, त्यामुळे आकडे एका मेमरीतून दुसरीत उतरवून घेण्याचा फेरा वाचला. एनव्हिडियानेही ग्रेस या ७२ कोअरच्या सीपीयूला जीपीयूशी सेकंदाला ९०० गिगाबाइटच्या जोडणीने बांधले आहे.

घरच्या यंत्रावर हाच हिशेब आपण स्वतः करून पाहू शकता. आठ अब्ज पॅरामीटरचे मॉडेल ४-बिटमध्ये साठवले तर साधारण ४ गिगाबाइट होते. डीडीआर-५ ची ५६०० वेगाची मेमरी दोन चॅनेलवर बसवलेली असेल, तर सेकंदाला ८९.६ गिगाबाइट वाचता येतात, म्हणजे सेकंदाला फार तर २२ टोकन. दुकानदाराने एकच पट्टी बसवून दिली असेल तर चॅनेल एकच राहतो आणि ही मर्यादा ११ वर येते, प्रोसेसर कितीही महाग घेतला तरी. लॅपटॉप घेताना मेमरी किती गिगाबाइट आहे याबरोबरच ती किती चॅनेलवर बसवली आहे, हेही अवश्य विचारा.